ह्सू लो यांची खुर्ची आणि सूर्याचं खळं

‘ह्सू लो डिस्टिंग्विश्ड प्रोफेसर ऑफ एरोनॉटिकल अँड अ‍ॅस्ट्रोनॉटिकल इंजिनिअरिंग.’

एका दमात म्हणून बघा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पर्ड्यू नावाचं विद्यापीठ आहे. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग आणि तिथून सर्वांत शेवटी निघालेले जीन सर्नन, दोघंही तिथलेच विद्यार्थी. तिथल्या कॅथलीन हॉवेल यांच्या नावापुढे हे एवढं लांब पद लागतं. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणायची पद्धत आहे, तर मी त्यांना हॉवेलबाईच म्हणतो.

एखाद्या एरोस्पेसच्या प्राध्यापकाला असं पद मिळाल्याची बातमी येते तेव्हा तिच्यात अभिनंदन भरपूर असतं आणि माहिती फार कमी. वाचणाऱ्याला तीन साधे प्रश्न पडतात. हे ज्यांचं नाव लागलंय ते कोण? आधीही प्रोफेसर होत्याच, मग आता निराळं काय झालं? आणि मुळात यांनी केलंय काय? पहिले दोन प्रश्न लवकर निकालात निघतात. तिसऱ्यासाठी मात्र पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटर जावं लागेल, आणि वाटेत पुणेही लागेल.

ह्सू लो हे पर्ड्यूच्या याच विभागात शिकवलेले, विभागप्रमुख राहिलेले प्राध्यापक. त्यांच्या नावाने ही खुर्ची आहे. खुर्ची म्हणजे इंग्रजीतली चेअर. मराठीत त्याला ‘अध्यासन’ असा भारदस्त शब्द आहे, आणि पुणे विद्यापीठातल्या संत नामदेव अध्यासनामुळे तो आपल्या कानावर असतो. फरक इतकाच, की आपल्याकडे अध्यासन म्हटलं की एखादा छोटा विभाग, ग्रंथालय, व्याख्यानमाला डोळ्यांसमोर येते. तिकडे ते एका माणसाला दिलेलं पद असतं.

पैशाची व्यवस्था समजायला आपला नंदादीप पुरे. पूर्वी देवळात अखंड दिवा तेवत राहावा म्हणून कुणी जमीन इनाम द्यायचं. जमीन विकायची नाही, तिच्या उत्पन्नातून तेल आणायचं. देणारा गेला, पुजारी बदलले, तरी दिवा चालू. अध्यासनाचंही तसंच. दाता विद्यापीठाला एक रक्कम देतो. ती गुंतवली जाते, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि दरवर्षी साधारण चार-पाच टक्के खर्चायचे. समजा दहा लाख डॉलर ठेवले, तर वर्षाला चाळीस-पन्नास हजार डॉलर सुटतात. त्यातून पगाराचा काही भाग जातो, एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचा खर्च निघतो, प्रवास, संगणक, असं काय काय. केंब्रिजमधलं प्रसिद्ध ल्युकेशियन अध्यासन, ज्यावर न्यूटन १६६९ साली आणि स्टीफन हॉकिंग १९७९ साली बसले, ते १६६३ मध्ये हेन्री ल्युकस यांच्या मृत्युपत्रातून उभं राहिलं. त्यांनी जमीनच ठेवली होती, वर्षाला शंभर पौंड सुटतील एवढी. म्हणजे नंदादीपाची उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही.

दुसरा प्रश्न बढतीचा. अमेरिकेत असिस्टंट, असोसिएट आणि मग पूर्ण प्रोफेसर, अशा तीन पायऱ्या असतात. त्यावर चौथी पायरी नसते. ‘डिस्टिंग्विश्ड’ हा वरचा साहेब नव्हे, त्याच्या हाताखाली कुणी येत नाही, आणि वर्गात शिकवणं सुटतही नाही. निवृत्तीनंतर मिळणारं एमेरिटस हे वेगळं. तो निरोपाचा मान असतो, आणि हा काम जोरात चालू असतानाचा. विभाग नाव सुचवतो, बाहेरच्या विद्यापीठांतल्या जाणकारांकडून पत्रं मागवतो, समिती बसते, आणि पर्ड्यूत शेवटी विश्वस्त मंडळ शिक्कामोर्तब करतं. बाहेरची पत्रं हा यातला खरा कस. स्वतःच्या घरात कौतुक कुणीही करून घेतं. (इस्रोतही विक्रम साराभाई, सतीश धवन यांच्या नावांची प्राध्यापकपदं आहेत, पण ती बहुधा निवृत्त ज्येष्ठांकडे जातात. तेव्हा दोन्ही एकाच तागडीत टाकू नयेत.)

माझ्या मते या पदात पैशापेक्षा वेळ महत्त्वाचा. ज्या प्रश्नाचं उत्तर कुणी आज मागत नाही, त्यामागे वीस-तीस वर्षं लागायची मुभा. हॉवेलबाईंचं काम नेमकं तसलं आहे.

आता तिसरा प्रश्न.

सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये एक रिकामी जागा आहे. तिथे काही म्हणजे काही नाही, दगडसुद्धा नाही. तिला एल-१ म्हणतात, पहिला लाग्रांज बिंदू. जोसेफ लुई लाग्रांज या गणितज्ञाने १७७२ साली अशा पाच जागांचा हिशेब पूर्ण मांडला, म्हणून त्याचं नाव. एका रेषेतल्या तीन जागा त्याच्याआधी ऑयलरने काढल्या होत्या, पण नाव लाग्रांजचं राहिलं. असं होतं.

तिथे विशेष काय? सूर्याच्या जितकं जवळ जावं तितकं वर्ष छोटं होतं. शुक्र २२५ दिवसांत फेरी संपवतो, आपल्याला ३६५ लागतात. मग आपल्यापेक्षा १५ लाख किलोमीटर सूर्याच्या जवळ, म्हणजे एकूण अंतराच्या एक टक्का आत, एखादं यान ठेवलं तर त्याचं वर्ष आपल्याहून पाचेक दिवसांनी लहान हवं. दरवर्षी ते पुढे पुढे पळत जाईल. पण पृथ्वी त्याला मागून ओढत असते. त्या ओढीने सूर्याची पकड थोडी सैल पडते, आणि सैल पकडीत फेरी सावकाश होते. एका ठरावीक अंतरावर ही कसर बरोबर भरून निघते आणि यानाचं वर्षही ३६५ दिवसांचं होतं. ती जागा म्हणजे एल-१. तिथलं यान वर्षभर आपल्या आणि सूर्याच्या मध्ये, आपल्याबरोबरच फिरत राहतं. पुष्कळदा लिहिलं जातं की तिथे ‘दोन्ही गुरुत्वाकर्षणं एकमेकांना रद्द करतात’. ते बरोबर नाही. ती रद्द झाली असती, तर यान सूर्याभोवती फिरलंच नसतं, सरळ रेषेत निघून गेलं असतं.

आता एक अडचण. एल-१ ही सपाट मैदानातली जागा नाही, घाटातली खिंड आहे. खिंडीत उभं राहिलं की डाव्या-उजव्या बाजूला डोंगर चढत जातात, आणि पुढे-मागे उतार असतो, एकीकडे कोकण, दुसरीकडे देश. चेंडू ठेवला आणि तो डोंगराच्या बाजूला सरकला तर परत येतो. पण कोकणाच्या बाजूला बोटभर सरकला की गेलाच खाली. एल-१ चं तसंच आहे. आडव्या दिशेने यान झोके घेत राहतं, पण सूर्याकडे किंवा पृथ्वीकडे जरा कलंडलं की घसरण सुरू होते. झालेली चूक साधारण दर १६ दिवसांनी दुप्पट होते. ऐकायला फारसं वाटत नाही, पण सहा महिन्यांत ती हजार पटीच्या पुढे जाते. अंतराळातली हजार पट म्हणजे किलोमीटरची चूक हजारो किलोमीटरवर.

दुसरी अडचण आणखी मजेशीर. समजा यान अगदी बिंदूवर नेऊन ठेवलं. मग पृथ्वीवरून त्याच्याशी बोलायचं कसं? त्याच्याकडे अँटेना वळवली की ती थेट सूर्याकडेच वळते, आणि सूर्य रेडिओलहरींचाही मोठा कोलाहल करतो. ढोलताशाच्या पथकाशेजारी उभं राहून कुणी कानात कुजबुजावं, तशी त्या यानाची गत होणार.

यावरचा उपाय म्हणजे बिंदूवर थांबायचंच नाही, त्याच्याभोवती फिरायचं. मध्ये काहीच नाही, तरी फिरायचं. पृथ्वीवरून पाहिलं तर यान सूर्याच्या भोवती कडं करताना दिसेल, सूर्यावर कधीच येणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला खळं पडतं ना, तसं. रॉबर्ट फार्कर यांनी १९६८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पीएच.डी.च्या प्रबंधात या कक्षेला ‘हेलो’ हे नाव दिलं, आणि इंग्रजीत हेलो म्हणजे खळंच. त्यांच्या मनात तेव्हा चंद्र होता. चंद्राच्या मागच्या बाजूला उतरलेल्यांशी संपर्क राहावा म्हणून चंद्रापलीकडच्या एल-२ बिंदूभोवती (पृथ्वी-चंद्राच्या जोडीचा दुसरा लाग्रांज बिंदू) एक यान फिरत ठेवायचं, अशी ती कल्पना. ती प्रत्यक्षात यायला पन्नास वर्षं लागली. चीनने २०१८ मध्ये ‘छुएछ्याओ’ यान त्यासाठीच पाठवलं.

फार्कर यांचे मार्गदर्शक जॉन ब्रेकवेल. हॉवेलबाईंनी १९८३ साली स्टॅनफर्डहून पीएच.डी. घेतली तीही याच ब्रेकवेल यांच्याकडे. गाण्यातल्यासारखं घराणंच म्हणायचं.

आपल्याला प्रश्न पडेल, की फार्करनी कल्पना मांडली, नासाने ऑगस्ट १९७८ मध्ये ‘आयसी-३’ यान पाठवून एल-१ भोवती फिरवूनही दाखवलं, मग हॉवेलबाईंना करायला उरलं काय? बरंच उरलं होतं.

दोन वस्तू एकमेकींभोवती कशा फिरतात, याचं सूत्र शाळेतल्या वहीत मावतं. तिसरी वस्तू आली की सूत्र संपतं. १८८०च्या दशकात फ्रेंच गणितज्ञ आन्री प्वांकारे यांनी या तीन वस्तूंच्या कोड्यात डोकं घातलं आणि त्यातून जो गुंता बाहेर आला, त्यालाच पुढे केऑस म्हणायला लागले. म्हणजे हेलो कक्षा ‘सूत्रात आकडे घाला आणि काढा’ अशी मिळत नाही. अंदाज बांधता येतो. पण वर सांगितलेल्या घसरणीमुळे अंदाज जरा चुकला की यान सहा महिन्यांत भलतीकडे. तेव्हा काटेकोर, स्वतःवर परत येऊन मिळणाऱ्या कक्षा शोधायच्या कशा?

इथली युक्ती मला फार आवडते, कारण ती लहान मुलंही करतात. कागदाची घडी घालून अर्धंच फूल कापायचं, उलगडलं की पूर्ण फूल. सूर्य आणि पृथ्वी स्थिर दिसतील अशा फिरत्या चौकटीतून पाहिलं, तर या गतीला एक आरसा असतो, सूर्य-पृथ्वी रेषेतून जाणारा उभा पडदा. यान त्या पडद्यातून काटकोनात निघालं आणि अर्धी फेरी करून पुन्हा काटकोनातच पडद्याला भेदून गेलं, तर उरलेली अर्धी फेरी पहिल्या अर्ध्याचं प्रतिबिंबच असते. ती मोजायची गरजच नाही, कक्षा आपोआप बंद होते. म्हणून काम एवढंच. सुरुवातीची जागा आणि वेग यांचा अंदाज घ्यायचा, संगणकावर अर्धी फेरी चालवायची, दुसऱ्या टोकाला काटकोनात किती चुकलं ते पाहायचं, त्यावरून सुरुवात किंचित दुरुस्त करायची, पुन्हा चालवायचं. बंदूक तीच, नेम सुधारत जायचा. चार-सहा वेळा केलं की चूक नगण्य.

एक कक्षा सापडली की तीच पुढच्या, जराशा मोठ्या कक्षेचा पहिला अंदाज. तिच्यावरून तिसरी. अशी साखळी लागते आणि एकेक करत अख्खं कुटुंब सापडतं. पृथ्वी-चंद्राच्या जोडीसाठी ब्रेकवेल यांनी १९७९ साली एका सहकाऱ्याबरोबर हे केलं होतं. हॉवेलबाईंनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सगळ्याच जोड्या घेतल्या. एक वस्तू दुसरीच्या किती पट जड आहे हे प्रमाण बदलत नेलं आणि प्रत्येक ठिकाणी कुटुंब कसं वाढतं, त्यातले कोणते सदस्य घसरतात आणि कोणते जवळजवळ स्थिर राहतात, याचा नकाशा दिला. त्याच वर्षी ब्रेकवेल यांच्यासोबत त्यांचा आणखी एक निबंध आला. कुटुंबाच्या टोकाकडे जावं तशा या कक्षा उभ्या ताणल्या जाऊन जवळजवळ सरळ रेषेसारख्या होतात, त्यांच्याबद्दल. तिथे यान पाठवायचं कुणाच्याही योजनेत नव्हतं.

तो १९८४ चा कागद कामाला आला २०२२ साली. जूनमध्ये नासाने ‘कॅपस्टोन’ नावाचं, मायक्रोवेव्ह ओव्हनएवढं, २५ किलोचं यान सोडलं आणि नोव्हेंबरात ते चंद्राभोवतीच्या असल्याच उभट कक्षेत शिरलं. तिथे एक फेरी साडेसहा दिवसांची, एका टोकाला चंद्रापासून सुमारे १,६०० किलोमीटर, दुसऱ्या टोकाला ७०,०००. पृथ्वी कधी नजरेआड होत नाही, आणि थोडक्या इंधनात टिकून राहता येतं. चंद्राजवळच्या ‘गेटवे’ स्थानकासाठी नासाने हीच कक्षा निवडली, म्हणून आधी हे छोटं यान पाठवून चाचपणी केली. मधली अडतीस वर्षं कुणाच्या तरी पगारात, शिष्यवृत्तीत, संगणकाच्या बिलात गेली. खुर्ची असते ती त्यासाठी.

घसरणीबद्दल एक गोष्ट राहिली. खिंडीतून चेंडू खाली घरंगळतो हे खरं, पण उलटं चित्र बघा. खालून नेमक्या जोराने मारलेला चेंडू वर येऊन खिंडीत थबकतो. म्हणजे हेलो कक्षेपासून दूर जाणाऱ्या वाटा आहेत, तशा तिच्याकडे आपसूक आणून सोडणाऱ्याही आहेत. गुच्छाने पाहिलं तर त्या नळीसारख्या दिसतात. नळीच्या तोंडाशी यान नीट सोडलं, की पुढे इंधन फारसं जळत नाही. ऑगस्ट २००१ मध्ये निघालेलं नासाचं ‘जेनेसिस’ यान याच वाटांनी गेलं. तो मार्ग आखण्यात हॉवेलबाई, त्यांचे विद्यार्थी ब्रायन बार्डन आणि नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतले मार्टिन लो यांचा हात होता. जेनेसिसने एल-१ भोवती पाच फेऱ्या मारत सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्यापासून सतत वाहत येणारे, कण गोळा केले. परत येताना युटाच्या वाळवंटात दिवसाउजेडी उतरता यावं म्हणून ते पृथ्वीला ओलांडून पलीकडच्या एल-२ च्या बाजूने वळसा घालून आलं. मार्ग चोख जमला. ८ सप्टेंबर २००४ ला नमुन्यांची कुपी ठरल्या जागी, ठरल्या वेळी आली, आणि पॅराशूट उघडलंच नाही. वेग कमी झाल्याचं ओळखणारे चिमुकले खटके उलटे बसवले गेले होते. कुपी जमिनीवर आदळून फुटली. सुदैवाने बरेचसे नमुने वेचून वाचवता आले. सांगायचा मुद्दा, लाखो किलोमीटरच्या गणिताने दगा दिला नाही.

आणि पुणे? २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेलं ‘आदित्य एल-१’ ६ जानेवारी २०२४ ला हेलो कक्षेत पोचलं. त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने इतर संस्थांच्या साथीने बनवली. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत ती सूर्याची अख्खी चकती टिपते. या किरणांतला बराचसा भाग ओझोन अडवतो, त्यामुळे दुर्बीण गच्चीवर लावून तो दिसणारच नाही. वर जावंच लागतं. आणि एल-१ ला रात्र नाही, ग्रहण नाही. सूर्य २४ तास समोर.

२ जुलै २०२४ ला आदित्यची पहिली फेरी पूर्ण झाली, १७८ दिवसांत. अर्ध्या वर्षाच्या आसपासचा हा आकडा योगायोगाचा नाही. एल-१ जवळ आडवा झोका साधारण १७५ दिवसांचा आणि वर-खालचा १८१ दिवसांचा असतो. ताल जुळत नाही तोवर यान गुंतागुंतीची जाळी विणत बसतं. पण झोका पुरेसा मोठा घेतला की दोन्ही ताल एकमेकांत मिसळतात आणि कक्षा बंद होते. हेलो कक्षा एवढी मोठी असते ती त्यामुळे. या पहिल्या फेरीत २२ फेब्रुवारी आणि ७ जूनला आदित्यची इंजिनं थोडा वेळ चालवून त्याला मार्गावर ठेवावं लागलं, आणि २ जुलैच्या तिसऱ्या धक्क्याने ते दुसऱ्या फेरीला लागलं. खिंडीतल्या चेंडूला अधूनमधून बोट लावावं लागतं, त्यातलाच हा प्रकार.

या कड्याची रुंदी किती? इस्रोच्या आकड्यांनुसार आदित्य आडव्या दिशेने मध्यापासून सुमारे ६ लाख ६३ हजार किलोमीटरपर्यंत सरकतो. १५ लाख किलोमीटरवरून पाहिलं तर हा कोन सुमारे २४ अंश. हात लांब करून वीत ताणली तर तेवढाच, थोडाफार इकडेतिकडे. आणि बर्फाच्या कणांमुळे आकाशात पडणारं खरं खळं सूर्यापासून २२ अंशांवर असतं. फार्करना नाव सुचलं तेव्हा हा मेळ काही त्यांच्या डोक्यात नव्हता. शिवाय आदित्यचं खळं गोल नाही, चेपलेलं आहे. वर-खाली ते चार-पाच अंशच जातं. पण फेरीच्या एका टोकाला असताना हे यान आपल्याकडे सूर्याच्या तासदीड तास आधी उगवतं, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या टोकाला पोचलं की सूर्य मावळल्यावरही तेवढाच वेळ क्षितिजाच्या वर राहतं. डोळ्यांना ते दिसणार नाही. वीत मात्र संध्याकाळी, सूर्य बुडाल्यावर, पश्चिमेकडे धरून बघायला हरकत नाही.